कोकणातल्या घरात हीटर लावायचा का? माझं मत: नाही

चिऱ्याचं घर:
दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे, जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं. आई ७८ वर्षांची, ती आणि मी दोघंच असतो. धाकट्या भावाने मुंबईहून ऑनलाइन हीटर मागवून दिलाय, २००० वॅटचा, लाल कांड्यांचा. मी तो खोक्यातून काढलेला नाही आणि यावरून दोन दिवस फोनवर वादावादी चाललीय, म्हणून इथे मांडतोय.

कोकणात कसली आली थंडी म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, दापोली समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-११ अंश इथे नवीन नाही, कधी त्याच्याही खाली जातं. हर्णै १५-१६ किलोमीटरवर, पण तिथे समुद्र शेजारी म्हणून एवढा गारठा नाही. आमच्याकडे रात्री आभाळ मोकळं, जमीन भराभर निवते आणि मतलई वारा सुटला की पडवीत बसवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या घरात हवा तापवून उपयोग नाही, माणूस तापवा. सकाळी चूल पेटली की धूर कौलांच्या फटीफटीतून बाहेर पडताना सगळ्यांनी बघितलाय ना, हीटरची ऊबही त्याच वाटेने जाणार. २००० वॅट म्हणजे तासाला दोन युनिट, रात्रीचे आठ तास लावला तर सोळा युनिट आणि ते सगळे कौलांवरच्या दवाला!

आम्ही काय करतो तर थंडीत आईची खाट पडवीतून माजघरात आणतो. माजघराला वर फळ्यांचा माळा आहे, ऊब वर निसटत नाही. थंडीत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, तर दुपारी त्या बाजूची खिडकी सताड उघडी, भिंत तापू द्यायची, आणि सूर्य कलला की सगळं लावून घ्यायचं, दाराच्या फटीला गोणपाट गुंडाळून. चिऱ्याची दीड फुटी भिंत दिवसभर ऊन खाते आणि रात्री हळूहळू सोडते.

अंथरुणाचं तर लोक उलटंच करतात, वर चार चादरी आणि खाली एक सतरंजी! थंडी खालून पण लागते. आईच्या खाली आजीने शिवलेली वाकळ आहे, जुन्या लुगड्यांचे सात थर, हाताने घातलेला धावदोरा, एका कोपऱ्यात हिरव्या खणाचा तुकडा. हात फिरवला की टाक्यांच्या रेघा बोटाला लागतात, दोन रेघांच्या मधे थोडी थोडी फुगलेली जागा असते, तिथे जी हवा अडकते तीच ऊब. खाली दोन वाकळी, वर एक आणि त्यावर घोंगडी. झोपायच्या आधी पाय कोमट पाण्यात, पुसून खोबरेल, मोजे, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी. रात्री कुळथाची पिठी आणि ऊन ऊन भात. याला हीटरची काय गरज? माझं चुकत असेल तर सांगा.

खाडीपलीकडची:
दादा राग मानू नका पण एवढं सगळं लिहिलंत, त्यात आई काय म्हणते ते कुठेच नाही. माझ्या सासूबाई सगळा जन्म अशाच घरात राहिल्या. मागच्या थंडीत संध्याकाळी बघितलं तर ओटीवर हात मांड्यांखाली दाबून बसलेल्या, विचारलं थंडी वाजतेय का तर म्हणे छे, मला नाही वाजत. हाताला हात लावला तर बर्फ. त्या पिढीला मागायची सवयच नाही हो, आपण विचारायचं आणि हात लावून बघायचं. तुमच्या भावाने पैसे घालून वस्तू पाठवली ती काळजीपोटी, ती खोक्यात ठेवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

बागायतदार:
थंडीला नावं ठेवू नका एवढंच सांगतो. यंदा गारठा वेळेवर आला म्हणून कलमं मोहरलीत, नाहीतर नुसती पालवी येते आणि वर्ष हातचं जातं. बाकी वाकळीबद्दल शंभर टक्के सहमत, आणि जमीन सारवलेली असेल तर अजून बरं.

गुहागरकर:
हीटर कशाला आणि वाकळी तरी किती घालणार, आपली शेगडी आहे की. रात्री चुलीतले निखारे शेगडीत काढायचे, खोलीत ठेवायची, दार लावायचं, खोली अर्ध्या तासात गरम. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पिढ्यानपिढ्या शेगडी असते, कोणाला काही झालं नाही. फुकटचा उपाय सोडून वीज जाळायची हे पटत नाही.

सिस्टरताई:
गुहागरकर, हे कृपा करून कोणाला सांगू नका. मी २२ वर्षं नर्सिंग करतेय. आमच्याच वाडीत बाळंतिणीच्या खोलीत रात्री शेगडी ठेवली, गारठा म्हणून खिडकीला चादर लावली, सकाळी हाका मारून दार उघडेना. फळी काढून आत गेले तेव्हा आई-बाळ दोघं सुस्त पडलेली, आजीला उलट्या. देवाच्या दयेने वाचली तिघंही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त जोराने चिकटतो, मग डोकं दुखतं, झोप येतेय असं वाटतं आणि उठायचं बळच राहत नाही. जुनी घरं फटींची होती म्हणून पिढ्या निभावल्या, आता त्याच खोल्यांना स्लॅब आणि काचेच्या खिडक्या आल्यात. शेकायचं तर अंगणात शेका, आत येताना निखारे बाहेर ठेवा.

आणि चिऱ्याचं घर, तुम्हालाही सांगते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, म्हातारपणी शरीराला स्वतःची ऊब राखणं जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरात किमान १८ अंश असावं असं सांगितलंय. तुमच्या माजघरात पहाटे किती असतं, मोजलंय का कधी? अंदाजाने बोलू नका, भिंतीला थर्मामीटर लावा. आईंना शुगर असेल तर गरम पाण्याची पिशवी जपून, पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही.

गुहागरकर:
ताई, बंद खोलीचं मान्य, मी दार जरा उघडं ठेवा म्हणायला हवं होतं.

सिस्टरताई:
जरा उघडं ठेवूनही झोपायच्या खोलीत नको. यात मी मागे हटणार नाही.

जोडणीवाला:
वायरिंगची कामं करतो म्हणून सांगतो. २००० वॅटचा हीटर साडेआठ-नऊ अँपिअर खेचतो. जुन्या घरात फ्रिज-टीव्हीचे बारके प्लग असतात, ५-६ अँपिअरचे, त्यात लोक कन्व्हर्टर लावून हीटर घुसवतात. एका घरी बोर्ड उघडला तर मागची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी झालेली आणि घरातल्यांना दोन दिवस नुसता वास येत होता. लावायचाच तर मोठा १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र वायर, अर्थिंग तपासून. अंथरुणापासून लांब, आणि झोपताना बंद.

वेंगुर्ल्याचो:
आमच्याकडे वेंगुर्ल्यात येवढी थंडी नाय, पण एक सांगतंय. जुन्या घरात सारवलेली जमीन होती तेव्हा आवस अनवाणी फिरायची, आता नवीन घरात लादी घातली आणि पहाटे पाय ठेवलो की मस्तकात कळ जाता. आम्ही खाटीपासून दारापर्यंत गोणपाट घातलंव, वर जुनी सतरंजी. पैसो लागलो नाय आणि आवस खूश.

चिऱ्याचं घर:
सगळ्यांचं वाचलं. खाडीपलीकडची ताई, तुमचं मनाला लागलं, कारण खरंच विचारलं नव्हतं. मी आपला वाकळी रचत बसलो.

काल रात्री विचारलं. आधी म्हणाली मला कुठे थंडी. परत विचारलं, शेजारी बसून. तेव्हा म्हणाली अंथरुणात काही नाही रे, पहाटे चारला उठावं लागतं ना, ते जीवावर येतं. आमची न्हाणी मागीलदारी, माजघरातून पडवी, मग तीन पायऱ्या, मग अंगणातून वीस-पंचवीस पावलं, दवाने चिरे ओले असतात. उबदार वाकळीतून निघून ११ अंशात! आणि म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

थर्मामीटर लावला. तीन दिवस पहाटे पाच वाजता बघितलं: माजघरात १७, १६, १७. पडवीत १२.

सिस्टरताई:
पाणी तोडणं सगळ्यात वाईट, ते आधी सुरू करा. आणि १६-१७ म्हणजे १८ च्या खालीच की.

चिऱ्याचं घर:
ताई तो आकडा मी पण शोधून वाचला, तो समशीतोष्ण आणि थंड देशांसाठी सांगितलेला आहे, आपल्यासाठी नाही. आणि वाकळीच्या आत १७ नसतं. माझं मत हवेच्या बाबतीत अजून तेच आहे, रात्रभर हीटर लावायला मी तयार नाही. पण पहाटेचं काहीतरी करायला पाहिजे हे शंभर टक्के मान्य.

सिस्टरताई:
देश कुठला ते ७८ वर्षांच्या शरीराला कळत नाही. १६ म्हणजे १६.

खाडीपलीकडची:
मग न्हाणीत लावा ना हीटर, दहाच मिनिटं.

जोडणीवाला:
न्हाणीत नाही! ओली जमीन, ओले हात, तिथे उघड्या कांड्यांचा हीटर नकोच. माजघरात खाटेपासून चार हातांवर, उठायच्या आधी पंधरा मिनिटं लावा, आई उठून स्वेटर-चपला घालेपर्यंत. तुम्ही जागे असाल तेवढाच वेळ.

चिऱ्याचं घर:
याला हो. पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट, त्याला माझी हरकत नाही. प्लग मोठा बसवून घेतो, तोपर्यंत खोकं बंदच. पडवीच्या कोपऱ्यात संडास काढायला गवंड्याला बोलावलंय, तो शिमग्याआधी मोकळा नाही म्हणतो, तोवर रात्रीपुरतं खाटेशेजारी कमोडची खुर्ची. आई नको म्हणत होती, लाज वाटते म्हणे. मी म्हटलं मी पडवीत झोपतो, तू हाक मारलीस तरच आत येईन. काल रात्री नऊला तिने तांब्याभर पाणी घेतलं.

खाडीपलीकडची:
पडवीत १२ अंश आहे म्हणालात ना दादा, मग तुमच्या अंगाखाली काय आहे?