सायकोसिस: जनुक तपासणी, ब्रेन मॅपिंग करावं का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. आम्ही तासगावचे, उपचार मिरजेत चालू आहेत. त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे, संशय बळावायचा, म्हणजे डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात तो त्रास. आधीच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, आताचे बायपोलर म्हणतात, कारण मधे काही आठवडे तो झोपेविना नुसता उत्साहात होता. गोळ्यांनी आता बराच सावरलाय. पण आई विचारते, "साखर रक्तात कळते, मग हे का कळत नाही?"

थायरॉइड, बी१२, एमआरआय सुरुवातीलाच झाले, सगळं नॉर्मल. दुसरा काही शारीरिक आजार नाही ना, एवढंच त्यातून बघायचं होतं. आता नात्यातल्या एकांनी खासगी लॅबचं जनुक तपासणी आणि ब्रेन मॅपिंगचं (मेंदूच्या लहरींचा नकाशा) पॅकेज सुचवलंय. द्राक्षांचे पैसे आले की करू, असं बाबांचं चाललंय. म्हणून मी वाचायला बसले.

अमेरिकेत बी-स्निप नावाचा संशोधकांचा गट आहे. त्यांनी स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह (यात दोन्हींची लक्षणं दिसतात) आणि सायकोसिस असलेला बायपोलर, असे तिन्ही निदानांचे रुग्ण एकत्र घेतले. आकलनाच्या चाचण्या, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), डोळ्यांच्या हालचाली यांवरून गट पाडले आणि २०१६ मध्ये तीन 'बायोटाइप' मांडले. पहिल्या दोन्हींत आकलन कमकुवत. पण एकात मेंदूचा प्रतिसाद क्षीण, तर दुसऱ्यात अवाजवी. तिसरा गट बराचसा निरोगी माणसांसारखा. आणि तिन्ही निदानांचे लोक तिन्ही गटांत विखुरलेले! हे वाचून मला फार हलकं वाटलं. दोन डॉक्टरांची दोन नावं म्हणजे कुणीतरी चुकलंच, असं नाही.

पण हे संशोधनातले गट आहेत. एकट्या माणसाचा रिपोर्ट बघून निदान पक्कं करावं, अशी रक्ताची किंवा ईईजीची चाचणी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही, असं मला समजलंय. मग त्या पॅकेजमधून आम्हाला मिळणार काय? कुणी केलं असेल तर त्यावरून डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या का, हे जरूर सांगा.

दुसरं. आमच्या आत्यालाही असाच त्रास होता. तिला दवाखाना कधी दाखवलाच नाही. एकाच घरात अनेकांना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांवर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत संशोधन झालंय. अशा अभ्यासात रक्त द्यायला भाऊ स्वतःहून तयार आहे, सांगलीहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जाताही येईल. आईला मात्र धास्ती, की नाव बाहेर फुटलं तर माझ्या लग्नाचं काय. इथे कुणी अशा अभ्यासात भाग घेतलाय का? संमतीपत्रात नाव गुप्त ठेवण्याबद्दल काय लिहितात? नंतर माघार घेतली तर दिलेल्या नमुन्याचं काय होतं?

गोळ्या बंद करा, अमक्या देवस्थानाला न्या, असे सल्ले कृपया नकोत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू, तेही सुचवा. प्रतिसाद आईला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा सोप्या भाषेत लिहा.