महाबळेश्वरहून आणायचं तरी काय? ('काहीही घेऊ नका'वाल्यांना उत्तर)

रानजाई
परवा इथेच फतवा निघाला: 'महाबळेश्वरच्या बाजारात एक रुपयाही खर्च करू नका.' म्हणणं असं, की अख्ख्या मेन रोडवर महाबळेश्वरचं काही उरलेलं नाही. कीचेन दिल्लीच्या, पर्स राजस्थानच्या, खेळणी चिनी, चपला रेक्झिनच्या. 'स्थानिक कला मेली आहे, पैसे पेट्रोलला ठेवा.' खंडीभर लोकांनी त्यावर वा वा केलं.

यादी खरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण निकालाशी आहे. गृहस्थ मेन रोडच्या एका टोकाला उतरले, दुसऱ्या टोकाला कॉर्न पॅटिस खाऊन गाडीत बसले आणि निकाल दिला अख्ख्या तालुक्याचा. मांघरला गेलात का? २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. बहुतेक घरांत मधपेट्या आहेत. भिलारला गेलात? ते 'पुस्तकांचं गाव' आहे, पण पुस्तकांसाठी जाऊ नका हवं तर, तिथल्या शेताच्या बांधावरून स्ट्रॉबेरी घ्या.

आणि ही 'कला मेली' काय भानगड आहे? महाबळेश्वरची पेठ साहेबानं वसवलेली. मुंबईचा गव्हर्नर माल्कमनं १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगर घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. उन्हाळ्यात येऊन राहायच्या जागी पैठणसारखी विणकरांची आळी कुठून येणार? जुनी कारागिरी होती ती धावडांची. डोंगरातलं लोखंड गाळायचे. लाकूडतोडीवर बंधनं आली, कोळसा महागला, भट्ट्या गेल्या. हाताशी राहिलं रान आणि शेत. म्हणून तिथून आणायची वस्तू खायचीच असणार आणि हंगामातच मिळणार. शोकेसमध्ये राहत नाही म्हणून ती वस्तू नाही का?

तिरकस तात्या
म्हणजे सारांश असा: आठवण म्हणून काही आणा आणि घरी पोचायच्या आत संपवून टाका. उत्तम.

मे महिन्याच्या शनिवारी पसरणी घाट चढून बघा ताई. वर पोचेपर्यंत माणसाची निम्मी हौस फिटलेली असते. त्यानंतर पोरं, सासूबाई आणि गाडीत उलटी करणारा भाचा घेऊन मी मांघर शोधत फिरू? पर्यटक दोन दिवस येतो, प्रबंध लिहायला येत नाही. चांगला माल असेल तर तो बाजारात आणणं हे विकणाऱ्याचं काम.

पेठेतला
माझं दुकान आहे त्याच बाजारात, म्हणून बोलतो.

तात्या, माल बाजारात आणला होता. बांबूच्या टोपल्या ठेवल्या, गावातल्या बायांनी केलेलं करवंदाचं लोणचं ठेवलं. गिऱ्हाईक हातात घेतं, किंमत विचारतं आणि म्हणतं, 'एवढ्यात तर बाजूला पाच कीचेन येतात.' मग मी काय ठेवू? जून ते सप्टेंबर दुकानापुढे प्लास्टिक बांधून बसतो आम्ही, धुक्यात समोरचं दुकान दिसत नाही. भाडं मात्र बारा महिन्यांचं. तुम्ही मागता ते आम्ही विकतो. आणि तो चिनी मालाचा टोमणा: इंग्रजांच्या वेळी इथल्या तुरुंगात चिनी कैदी होते, बटाट्याचे मळे त्यांनी फुलवले. चिनी माल आम्हाला नवा नाही.

तिरकस तात्या
कैद्यांनी निदान बटाटे लावले. तुम्ही तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देता.

सौ. चिकित्सक
मधाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगते. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिथून 'शुद्ध रानमध' आणला. महिन्याभरात बाटलीत तळापासून अर्ध्यापर्यंत साखर! पांढरी, रवाळ. सरळ बेसिनमध्ये ओतला. तेव्हापासून ठरवलं, टुरिस्ट जागी मध घ्यायचा नाही. लुटतात.

पेटीवाला
ताई, बेसिनमध्ये ओतलात??

चांगला मधही गोठतो. मधातलं ग्लुकोज थंडीत खाली बसतं, त्याचे कण होतात. कुठल्या फुलोऱ्याचा मध आहे यावर ते लवकर होणार की उशिरा हे ठरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पुन्हा पातळ होतो. माझे मामा पेट्या ठेवतात, लहानपणापासून बघतोय. डिसेंबरात मामीच्या फडताळातल्या सगळ्या बाटल्या अशाच असतात, आणि आम्ही तो चमच्यानं खरवडून खातो.

अण्णा डोंबिवलीकर
हे सगळं ठीक, पण खरा मध ओळखायची पद्धत आपल्या आजीनं सांगितलेली आहे. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढायची. पेटली तर शुद्ध. दुसरं, खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही. तिसरं, पाण्याच्या ग्लासात थेंब सोडला की तो न विरघळता तळाशी जातो. आमच्याकडे तीस वर्षं हेच चालत आलंय.

पेटीवाला
अण्णा, साखरेचा घट्ट पाकही तळाशी जातो. काडी पेटणं न पेटणं तिला किती ओल लागली यावर आहे. आणि कुत्र्याला मध आवडतो, आमच्या मोत्यानं एकदा पेटीतली पोळ्याची फ्रेम पळवली होती.

अण्णा डोंबिवलीकर
तुमचा मोती अपवाद असेल. आजी खोटं बोलत नसे.

लॅबवाली
आजीला मध्ये घेऊ नका, तिच्या काळी मधात मिसळायचं राइस सिरप नव्हतं. २०२० साली दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं बाजारातले मधाचे १३ ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त ३. बाकीच्यांतले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांतून सुटले होते, सापडले ते परदेशात केलेल्या एनएमआर नावाच्या जास्त बारकाईच्या चाचणीत. नेहमीच्या चाचण्या चुकवता येतील असंच सिरप बनवलं जातं. तिथे काडेपेटी काय करणार? म्हणूनच पेटी कुणाची, रान कुठलं, काढला कधी, हे जो माणूस सांगू शकतो त्याच्याकडून घ्यावा. या एका मुद्द्यावर मी रानजाईच्या बाजूनं आहे. बाकी तिचा धावडांचा इतिहास कॉर्न पॅटिसवाल्यांना का ऐकवला, देव जाणे.

घाटमाथ्याचा राजा
पेटीवाले, फार शुद्धतेच्या गप्पा मारताय म्हणून विचारतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ऑगस्टात त्याच भागात ट्रेकला गेलो होतो, एका मधवाल्याच्या पडवीत साखरेचं पोतं. बाजूला पातेल्यात पाक. हे काय चाललं होतं? शिरा?

पेटीवाला
ऑगस्टात ना? मग ऐका.

पावसाळ्यात तिकडे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलात मकरंद नाही, सगळा धुतलेला. पेटीतली ही सातेरी जातीची माशी उपाशी राहिली की पेटी सोडून जाते. म्हणून तिला जगवायला पाक द्यावा लागतो. हे कुठल्याही मधपाळाला विचारा, लपवायचं काही नाही त्यात. त्या दिवसांत मध काढतच नाहीत. जांभूळ, हिरडा फुलतो तेव्हा उन्हाळ्यात माशी मध भरते. मग वरच्या मजल्यावरच्या फ्रेम यंत्रात फिरवून तो काढायचा. पोळं पिळत नाहीत, पिल्लांना हात लावत नाहीत. फूल चालू झालं की पाक बंद.

घाटमाथ्याचा राजा
बंद करतातच याची खात्री तुम्ही देणार? सगळ्या तालुक्याची? मामा तुमचे आहेत, बाकीचे नाहीत.

पेटीवाला
तुम्ही एका पडवीवरून तालुका चोर ठरवला, तेव्हा खात्री कोण देत होतं? ट्रेकला जाऊन लोकांच्या पातेल्यात डोकवायचं आणि इथे येऊन पोलीसगिरी करायची. मामांना एकेक पेटी अस्वलापासून राखावी लागते. वर्षाला पेटीमागं मध येतो तो किती थोडा, ते बघा आणि मग बोला.

घाटमाथ्याचा राजा
भावना नका मधे आणू. प्रश्न साधा होता. पाक घालतात की नाही? घालतात. संपलं.

लॅबवाली
राजे, संपलं नाही. पावसाळ्यातलं खाद्य आणि भेसळ या दोन गोष्टी आहेत. हंगामात पाक चालू ठेवला तर ती भेसळ, यावर पेटीवालेही नाही म्हणणार नाहीत. तुम्ही ऑगस्टचं पातेलं एप्रिलच्या बाटलीला लावताय.

घाटमाथ्याचा राजा
बरं. ऑगस्टचं पातेलं मागे घेतो. एप्रिलमध्ये जाऊन बघीन.

पेटीवाला
या. बुरखा मामा देतील. पायात बूट घाला, चपला नकोत.

बे एरियातला बंडू
चपलांवरून आठवलं. मध वगैरे आम्हाला नकोच. मागच्या खेपेला बाटली हँडबॅगेत ठेवली, सिक्युरिटीनं काढून कचऱ्यात टाकली. १०० मिलीच्या वर द्रव नाही म्हणे. तेव्हापासून महाबळेश्वरहून मी चपलाच आणतो, आणि इथे मित्रांना 'लोकल' म्हणून देतो. तुम्ही आता म्हणाल, त्या कोल्हापुरी, महाबळेश्वरच्या नाहीत.

तिरकस तात्या
बरोब्बर, तेच म्हणणार होतो.

कलमवाली कमल
मग चुकीचं म्हणणार होतात. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे हे नाव कुठल्या भागातल्या मालाला लावायचं ते ठरवणारी नोंद, २०१९ चं. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सातारा. महाबळेश्वर साताऱ्यात येतं. शिवाय कर्नाटकातले चार. म्हणजे साताऱ्याच्या कारागिरानं कोल्हापुरी पद्धतीनं केलेली चामड्याची चप्पल महाबळेश्वरात घेतली तर ती कागदोपत्री अस्सल कोल्हापुरी. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल नाव न घेता चालवली तेव्हा सगळे पेटून उठलात. तेव्हा कुणी विचारलं का, की आपण स्वतः शेवटची चप्पल कुठल्या कारागिराकडून घेतली?

तिरकस तात्या
कागदोपत्री! बाजारात ज्या टांगलेल्या असतात त्यांना पाणी लागलं की तळवा पुठ्ठ्यासारखा सुटतो. त्या बिचाऱ्यांना चारांतला कुठला जिल्हा लागू, ते सांगा. पण हो, सातारा यादीत आहे हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल, तर त्याला म्हणू द्या.

पेठेतला
चामड्याची आणि रेक्झिनची चप्पल शेजारी शेजारी टांगतो मी. किमतीत तिपटीचा फरक. दहा जण रेक्झिनची घेतात आणि त्यातले पाच जण घरी जाऊन इथे लिहितात.

रानजाई
धागा चपलांवर गेलाच आहे तर जॅमबद्दल सांगून टाकते, मघाशी राहिलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही २०१० पासून असंच मानांकन आहे. बाटलीवर लाल फळाचं चित्र आणि मोठ्ठं 'महाबळेश्वर' बघून घेऊ नका. मागची बारीक अक्षरं वाचा. जॅमला नियमानं ४५ टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरी-रासबेरीला २५ टक्क्यांत भागतं. उरलेलं बहुतेक साखर. आता हा जॅम आणि त्या राजेंच्या पातेल्यातला पाक यांत कुणाला जास्त घाबरायचं, तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत बांधावरून ताजं फळ घ्या. वरचा थर लाल आणि खाली पांढरं-हिरवं असं नको असेल तर खोका उघडून बघा, शेतकरी नाही म्हणत नाही. रस्त्यावरचा म्हणतो.

अण्णा डोंबिवलीकर
स्ट्रॉबेरी तरी कुठे आपली? मदर प्लांट, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपं करतात ते, कॅलिफोर्नियाहून येतात असं ऐकलंय.

रानजाई
येतात. आणि मिरचीही बाहेरूनच आली, तुम्ही ठेचा सोडला का?

तिरकस तात्या
एवढं सगळं वाचून माझा मुद्दा तसाच आहे. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक स्वस्त मागतं, गिऱ्हाईक म्हणतं दुकानात चांगलं नाही. आणि मध्ये टॅक्सीवाला, जो 'फॅक्टरी आउटलेट' म्हणून नेतो आणि तिथून कमिशन घेतो. आमच्या ड्रायव्हरनं आम्हाला तीन पॉइंट दाखवले, त्यातली दोन दुकानं निघाली. याच्यावर कुणी लिहीत नाही.

तरी रानजाईंच्या हट्टाखातर या मार्चमध्ये बाजार टाळून आधी मांघर करीन. भाच्याला घरी ठेवून. तिथे काही मिळालं नाही तर पेट्रोलचं बिल इथे चिकटवीन.

पेठेतला
मार्च बरा, पण जांभळाचा मध हवा तर मे धरा. थोडा कडसर लागतो, परत आणून भेसळीची तक्रार करू नका. गावापर्यंत जाणं नाहीच झालं तर बाजारात मधपाळांच्या सहकारी सोसायटीचा 'मधुसागर' विचारा, तो घेतलात तरी माझी हरकत नाही. माझ्याकडून चणे घेऊन जा. ते तरी माझ्यासमोर भाजलेले असतात.

सौ. चिकित्सक
पेटीवाले, माझं एक विचारायचं राहिलं. अजून एक बाटली आहे, तीही गोठली आहे. कोमट पाणी म्हणजे किती कोमट? फ्रिजमधून काढून लगेच ठेवली तर काच तडकेल का?

पेटीवाला
ताई, मध फ्रिजमध्ये??

सौ. चिकित्सक
आमच्याकडे सगळंच फ्रिजमध्ये असतं. उत्तर द्या.

पेटीवाला
आधी बाहेर काढून ठेवा, खोलीइतकी गरम होऊ द्या. मग हाताला सोसेल इतक्या पाण्यात. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. आणि बेसिनपासून लांब ठेवा.