प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असेल, तर लॅब कशासाठी?

धागाकर्ता:
अभियांत्रिकीच्या लॅबमध्ये मुलं सगळ्यात चांगलं काय शिकतात? आकडे जुळवायला. वेंच्युरीमीटर म्हणजे पाइपमधला प्रवाह मोजायचं उपकरण. त्याचा डिस्चार्ज कोइफिशंट (खरा प्रवाह भागिले सूत्रातून येणारा प्रवाह) ०.९८ च्या आसपास येतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. रीडिंगवरून ०.८१ आला की उलटं गणित करून ०.९७ आणायचा, जर्नलवर सही घ्यायची, संपलं. खरं शिक्षण त्या ०.८१ मध्येच होतं. दाबातला फरक दाखवणाऱ्या मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकली होती का? मोजटाकीचा खालचा व्हॉल्व्ह गळत होता का? हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं: ठरलेले प्रयोग निम्म्यावर आणा आणि उरलेला वेळ लॅब मुलांच्या स्वतःच्या कामासाठी खुली ठेवा. फिटिंग शॉपमधलं तासन् तास कानस घासणंही बंद करा. तो वेळ सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) यंत्रं आणि थ्रीडी प्रिंटरला द्या.

वर्कशॉप इन्स्ट्रक्टर:
कानशीबद्दल सपशेल असहमत. घासलेल्या कडेला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरलं की फट दिसते. मग मुलगा पुन्हा घासतो, पुन्हा बघतो. ०.१ मिमी म्हणजे किती, हे त्याला तिथे कळतं. ज्याला ते कळलं, तो उद्या ड्रॉइंगवर उगाच ०.०१ मिमीचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिणार नाही. प्रिंटरवर १० मिमीचं भोक काढलं तर ते बहुधा थोडं लहानच येतं. ते कानशीनं किंवा रीमरनं मोठं कोण करणार?

सिम्युलेशनच्या बाजूने:
तुम्ही दोघंही गर्दीबद्दल बोलत नाही. यूटीएम (नमुना ओढून-दाबून तोडणारं चाचणी यंत्र) एक आणि बॅच अख्खी. पुढचे दोघं-तिघं रीडिंग घेतात, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. संगणकावर प्रत्येक जण हवे तितके नमुने तोडू शकतो, लोड बदलू शकतो, चुकू शकतो. ज्या विद्यापीठाकडे यंत्रांना पैसे नाहीत, तिथे हाच न्याय्य मार्ग आहे.

डिझाइन शिकवणारी:
गर्दीचा मुद्दा शंभर टक्के खरा, पण उपाय पटत नाही. संगणक तुम्ही सांगितलेल्या मटेरियललाच तोडतो. मॉडेलमध्ये आतला कोपरा अगदी टोकदार ठेवा आणि मेश (गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे) बारीक करत जा. तिथला स्ट्रेस, म्हणजे ताण, वाढतच जातो, कुठेच थांबत नाही. ज्यानं खरा तुकडा हातात घेतलेला नाही, तो तो आकडा खरा मानून रिपोर्टात लिहितो. माझ्या डोळ्यांदेखत हे होतं, आणि फार वाईट वाटतं.

शिवाय प्रत्येक प्रयोगाला महागडं यंत्र लागतंच असं नाही. फळ्यावरचा खडू दोन्ही टोकांना धरून पिळा. तो सुमारे ४५ अंशांच्या तिरप्या सर्पिल रेषेत तुटतो. बीड (कास्ट आयर्न) पिळलं तरी तसंच तुटतं, माइल्ड स्टील मात्र जवळजवळ सपाट, अक्षाला काटकोनात तुटतं. का, हे एकदा स्वतः शोधलं की प्रिन्सिपल स्ट्रेस (एखाद्या ठिकाणचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सरळ ताण) पाठ करावा लागत नाही. खडू साऱ्या बॅचला पुरतो.

लॅब टेक्निशियन:
खुली लॅब म्हणणं सोपं आहे. लेथच्या चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) चावी विसरून कुणी मशीन चालू केलं, तर ती गोळीसारखी उडते. हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ गेलं तर हातच ओढला जातो. संध्याकाळी तिथे उभं कोण राहणार? नव्या मशीनला निधी मिळतो, माणसाच्या जागेला मिळत नाही. आधी माणूस द्या, मग कुलूप काढा.

धागाकर्ता:
टेक्निशियनची जागा भरल्याशिवाय लॅब खुली करू नये, हे मान्य. पण कानशीवर मी अजून ठाम आहे. १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या तांत्रिक शाळेत व्हिक्टर डेला-व्होस यांनी वर्कशॉपची कामं पायरीपायरीच्या सरावांत बसवली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते नमुने पाहून अमेरिकेतल्या एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल भारावले. पण मॉस्कोत सराव संपला की मुलं दुसऱ्या वर्कशॉपमध्ये खरी यंत्रं बनवायला जात. आपण सराव तेवढा ठेवला आणि पुढचं दार बंद केलं.

वर्कशॉप इन्स्ट्रक्टर:
मग दार उघडा, सराव का काढता? पहिल्या सत्रात कानस राहू द्या, दुसऱ्यात त्याच मुलांना एक पंप पूर्ण बनवायला लावा. आणि तो पाणी उचलत नसेल, तर का उचलत नाही याच्या उत्तराला गुण द्या.