मदत हवी आहे: मार्चमधला ओला बर्फ कधी सुटेल, हे कसं ओळखायचं? (स्की टूरिंग)

नमस्कार मंडळी. मी औशाकडचा, जिल्हा लातूर. आमच्याकडं बर्फ म्हटलं की लोकांना २०१४ च्या मार्चमधली गारपीट आठवते, त्यामुळं गावात कुणाला विचारायची सोय नाही. आई तर "घसरायला एवढे पैसे घालतोस?" म्हणून मोकळी होते.

गुलमर्गला स्कीचे दोन कोर्स झालेत. गेल्या मार्चपासून टूरिंग, म्हणजे स्कीला खालून स्किन (चढताना मागं घसरू न देणारी पट्टी) चिकटवून स्वतः चढायचं नि उतरायचं. कोरड्या बर्फाचा धोका थोडाफार कळतो: नवा बर्फ, वारा, आतला कच्चा थर. अडलंय ते ओल्या बर्फात.

गेल्या वर्षी एका पहाटे तंबूबाहेर थर्मामीटर अधिक २ दाखवत होता. वाटलं, आजचा दिवस गेला. पण बर्फ इतका कडक की स्कीच्या कडा करकरत होत्या. दोन दिवसांनी ढगाळ रात्रीनंतर पारा उणे १, आणि स्की काढून उभा राहिलो तर गुडघ्यापर्यंत आत! गाइडनं साडेदहालाच माघारी वळवलं. मी मनातून कुरकुरलो. दुपारी चहा पिताना समोरच्या काळ्या खडकाखालून मूठभर बर्फ सुटला आणि खाली येईतो सुपासारखा पसरला. गडगडाट वगैरे नाही. ओल्या वाळूची ट्रॉली रिकामी करावी तसा आवाज.

थर्मामीटरवर नाही तर भरवसा कशावर ठेवायचा? आणि परत फिरायचं ते घड्याळ बघून की बर्फ बघून? याही मार्चला गाइड असेलच, पण तो वळा म्हणतो ते का, हे मला कळायला हवं.

प्रतिसाद:
मी परभणीचा, बरेच हिवाळे मनालीकडं काढलेत. भाऊ, थर्मामीटर हवेचं सांगतो, बर्फाचं नाही. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आभाळात सोडतो, म्हणून हवा शून्याच्या जरा वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग ती उष्णता अडवतात. आपल्याकडं हिवाळ्यात आभाळ आलं की थंडी पळते ना, तेच. रात्री लघवीला उठाल तेव्हा चांदण्या आहेत का बघून ठेवा.

मग वापसा बघा. पावसानंतर पाळी घालायच्या आधी माती मुठीत दाबता, तसाच बर्फ दाबायचा. नुसता लाडू वळला तर ओलसर. पाणी निथळलं तर कणांची पकड सुटत चाललीय. वरचाच नको, हातभर उकरून आतलाही घ्या. वर दोन बोटं मऊ आणि खाली दगडासारखं, ही उतरायची उत्तम वेळ. ती टिकत मात्र नाही. स्की काढून उभं राहिल्यावर पाय घोट्याच्या वर गेला की निघा.

घड्याळ ही शेवटची मुदत समजा, बर्फ ती अलीकडं आणतो. पूर्वेचा उतार आधी तापतो, मग दक्षिणेचा, दुपारून पश्चिमेचा. खडकांजवळून बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले, पाऊस आला, किंवा नव्या बर्फावर पहिलंच कडक ऊन पडलं, तर ३० अंशांच्या वरच्या उतारावर थांबू नका, त्याच्या खालीही नको. पायाखाली सपाट आहे म्हणून निवांत बसणारे मी लई पाहिलेत. उतारावर आडवी, तोंड वासलेली भेग दिसली तर तिच्याखाली डबा उघडायचा नाही. तिथला बर्फ जमिनीवरून सरकत असतो, तो रात्री गोठूनसुद्धा कोसळतो.

डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा, म्हणजे पूर्वीच्या सासेचा, हिमस्खलनाचा इशारा रोज बघा. पण तो मोठ्या भागाचा असतो, तुमच्या उताराचा नव्हे. बीकन (गाडलेल्याचा माग लावणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडं तिन्ही प्रत्येकाकडं हवं. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो, आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्यानं उतरते.

धागाकर्ता:
वापसा म्हटल्यावर लगेच टाळक्यात शिरलं, आभार दादा. एकच शंका. रात्र निरभ्र होती, पण पहाटे चारला ढग आले तर?

प्रतिसाद:
वर पापुद्रा धरला असेल, पण पातळ. स्कीची काठी उलटी करून तिची मूठ बर्फात दाबा. पापुद्रा फुटून खाली भिजलेल्या साखरेसारखं लागलं तर स्टोव्ह पेटवा आणि दुसरा चहा ठेवा.