फसवणूक कळलीच नाही, तर कोर्टात दावा करायची मुदत कधीपासून मोजायची?

मंजिरी:
अमेरिकेत इंडियानातल्या डोनाल्ड क्लाइन या डॉक्टरने १९७०-८०च्या दशकांत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या बायकांना न सांगता स्वतःचे शुक्राणू वापरले. पुढे घरबसल्या डीएनए चाचण्या आल्या आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं सावत्र भावंडं निघाली. शिक्षा झाली ती तपासात खोटं बोलल्याबद्दल, आणि तीही स्थगित!
माझं म्हणणं, मुदत फसवणूक उघड झाल्यापासूनच मोजावी. वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांची तोकडी मुदत इथे लावली, तर जो जास्त काळ लपवेल तोच सुटणार.

जुनावकील:
राग पटतो, उपाय नाही. मुदत असते ती पुरावा टिकत नाही म्हणून. चाळीस वर्षांनी केसपेपर नाहीत, नर्स हयात नाही. डॉक्टर वारला असेल तर दावा कुणावर, त्याच्या मुलांवर?

मंजिरी:
डीएनए आहे ना. तो कुठे जुना होतो?

जुनावकील:
डीएनए बाप कोण ते सांगतो. संमती काय घेतली होती ते नाही सांगत. निनावी दात्याला अनेक जोडप्यांनी होकार दिलेला असायचा.

अदिती_के:
निनावी दात्याला होकार म्हणजे समोर तपासायला बसलेल्या डॉक्टरला होकार? काहीही काय!

सुहास:
तुम्ही दोघं चूक आणि लबाडी एकाच मापाने मोजताय. प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली तर ती हलगर्जी, तिला कमाल मुदत असू द्या. जाणूनबुजून केलं असेल तर नको. इंडियानाने २०१९मध्ये कायदा केला, त्यात ठरलेली मुदत संपली तरी डीएनए चाचणीतून पुरावा मिळाल्यापासून ५ वर्षं दावा करता येतो.

जुनावकील:
५ वर्षं मला चालतील. पण 'कळलं' कधी धरायचं? चाचणीचा निकाल आला तेव्हा, की अनोळखी भावंडाचा मेसेज आला तेव्हा? कोर्टात निम्मा वेळ यावरच जाईल. आणि कायदा होण्याआधीच मुदतबाह्य झालेले दावे पुन्हा उघडायला माझा विरोध कायम आहे.

मंजिरी:
म्हणजे ज्यांच्यामुळे कायदा आला, तेच बाहेर?

जुनावकील:
हो. कडू आहे, पण हो.

अदिती_के:
सगळे आईच्या दाव्याबद्दलच बोलताय. मूल कोर्टात गेलं तर समोरचा वकील म्हणणार, हे झालं नसतं तर तू जन्मलाच नसतास, मग तुझं नुकसान काय? वर्षानुवर्षं डॉक्टरांना कुटुंबातल्या आजारांची चुकीची माहिती देत राहिलो, हे नुकसान नाही? मुलाला स्वतःचा दावाच नसेल तर मुदत ५ वर्षं करा नाहीतर ५०.