विषय: गोंधळाला संबळ आणि चेलो?

मंडळी, नमस्कार.
नवरात्राच्या कार्यक्रमात या वर्षी गोंधळ ठेवलाय. पदं मावशी म्हणणार. संबळ माझ्याकडे आहे, तुणतुणं मात्र गावभर विचारूनही मिळालं नाही. माझी भाची शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो, म्हणजे ते व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य, वाजवते. संबळाच्या जोडीला तिला बसवावं असं मनात आहे. कुणाची हरकत?

---

अरे, हरकत नाही, पण काळजी वाटते. आमच्याकडे लग्न झालं की तुळजाभवानीचा गोंधळ व्हायचाच. दिवटी पेटली की आजी पदर खोचून पुढे जाऊन बसायची आणि पहाटेपर्यंत हलायची नाही. तुणतुण्याला तार एकच, पण सूर आणि ठेका दोन्ही तीच सांभाळते. चेलोला तारा चार, वर तो लांब गज. पोर गजावर रमली तर माझे शब्द बुडतील. गोंधळात आख्यान ऐकू आलंच पाहिजे.

---

मावशी, तुमची मेल तिला वाचून दाखवली. तिने गज पेटीत ठेवून दिला आणि काल दोन तास नुसत्या बोटांनी छेडत बसली. आधी सगळ्यात जाड तार घेतली, तर तिचा खर्ज संबळाच्या मोठ्या भांड्याच्या घुमाऱ्यात गडप! मग सगळ्यात बारीक तार, तीही घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, अगदी जवळ. तिथे टणक, कोरडा आवाज निघाला आणि दोन्ही वाद्यं वेगळी ऐकू यायला लागली. ती तार मुळातच पांढरी सहाला (हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) लागलेली असते, म्हणजे तुमचीच पट्टी.

मालीचे बालाके सिसोको आणि फ्रान्सचे व्हँसाँ सेगाल यांचा कोरा (पश्चिम आफ्रिकेतलं तंतुवाद्य) आणि चेलोचा २००९ चा अल्बमही तिला ऐकवला. कोऱ्याच्या २१ तारांशेजारी चेलो कसा जागा सोडून वाजतो, ते तिने नीट ऐकलं.

अडचण संबळाचीच झाली. गॅरेजच्या गारठ्याने कातडं उतरलं होतं, हेअर ड्रायरने तापवून चढवावं लागलं.

---

पांढरी सहा म्हणजे माझी सोयच झाली. तिला म्हणावं, आख्यानभर असंच छेडत राहा. फक्त मी ‘उदे गं अंबे उदे’ म्हणेन तेव्हा गज घे आणि षड्जावर एकच लांब ओढ. आता मलाच ते ऐकायची घाई झालीय.
शनिवारी अकराला येते. तोवर संबळ घरात आणून ठेव, गॅरेजमध्ये नको.