मदत हवी आहे : जीएम (गेममास्टर, खेळ चालवणारा) म्हणून मी नेमकी कुठली हद्द ओलांडली?

आम्ही मालवणातले पाच जण, शाळेपासूनचे. तीन वर्षं झाली, पावसाळ्यात आमच्या पडवीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची. पावसाळ्यातच का, तर आमच्यातला एक वडिलांच्या ट्रॉलरवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढाच तो जमिनीवर सापडतो. जीएम मीच, कारण पुस्तकं माझी आणि पडवीही आमचीच.

यंदाची कॅम्पेन (अनेक बैठकी चालणारी गोष्ट) आपल्याच किनाऱ्यावर बेतली. पाण्यातला किल्ला, खाडी, देवचार, चकवा. ड्रॅगनला सुट्टी.

गेल्या शनिवारचं दृश्य : रात्र, खाडीच्या तोंडाशी धुकं, पाण्यातून हाका. माझा चकवा ओळखीच्या आवाजात बोलावतो. एका मैत्रिणीचं पात्र रेंजर (रानावनातला वाटाड्या) आहे, होडी वल्हवणारं. तिला मी तिच्या मामाची हाक ऐकवली. पात्राचा मामा दर्यावर गेला तो परतला नाही, हे तिनेच बॅकस्टोरीत (पात्राच्या पूर्वकथेत) लिहिलंय. आता खरी गोष्ट. तिचे सख्खे मामा रत्नागिरीचे, २००९ च्या फयान वादळात होडीसकट गेले. मला हे माहीत होतं. पण तिनेच लिहून दिलंय म्हणजे चालेल, असं मी धरून चाललो.

हाकेपर्यंत ती शांत होती. मग मी म्हटलं, "तू वल्हं टाकतेस आणि रडत रडत किनाऱ्याकडे पळतेस." ती म्हणाली, "मी नाही पळत." मी म्हटलं, "अगं, घाबरलीयेस तू." ती म्हणाली, "कोण म्हणतं?" आणि मी, सगळ्यांसमोर, म्हणालो, "मी. जीएम मी आहे ना?"

तिने पात्राच्या माहितीच्या शीटची घडी घातली आणि भर पावसात गेली. छत्री अजून आमच्या पडवीत आहे. आठवडा झाला, ग्रुपवर एक शब्द नाही.

बाकीच्यांत दोन तट पडलेत. ट्रॉलरवाला म्हणतो, खेळच आहे, एवढं काय. दुसरा म्हणतो, समुद्रात बुडालेली माणसं हा विषयच नको होता. पण मालवणात बसून समुद्र वगळायचा तर खेळायचं काय? शेवटचं सेशन तर पूर्ण पाण्यावर आहे, आणि ३१ जुलैच्या आधी दोनच शनिवार उरलेत.

सेशन झीरो, म्हणजे खेळात काय चालेल, काय नको हे आधीच ठरवायची बैठक, आम्ही केलं नव्हतं. डी अँड डीच्या २०२० च्या 'टाशा' नावाच्या नियमपुस्तकात त्यावर वेगळा भाग आहे, तो मी वाचलाही होता. पण लहानपणापासून एकमेकांना ओळखतो, आपल्याला कशाला ते सोपस्कार, म्हणून सोडला. (हद्द खेळाडूही ओलांडतात बरं का. एक जण मोबाइलवर मॉन्स्टरची माहिती उघडून मलाच त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) सांगतो. असो.)

तर विषय चुकला की मी चुकलो? आणि समुद्र काढू का?

आमसूल : तुम्ही दोन गोष्टींचा गुंता केलाय. एक, टेबलावर कुठला विषय येऊ द्यायचा. दोन, कुणाच्या पात्राचं कोण बोलणार. पहिल्यासाठी गेम डिझायनर रॉन एडवर्ड्सच्या लाइन आणि व्हेल आहेत. लाइन म्हणजे ती गोष्ट खेळात येणारच नाही, व्हेल म्हणजे घडते पण पडद्याआड. बॅकस्टोरीत लिहिलेलं मरण बहुधा व्हेलमध्येच असतं. तिने ते लिहिलं म्हणून त्याला आवाज द्यायची परवानगी मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. पण तुमचंच वर्णन पुन्हा वाचा. हाक आली तेव्हा ती बसून होती. उठली ती "जीएम मी आहे ना" वर.

वीसबाजू : नियमानेही तुमची बाजू लंगडी आहे. सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळायला खेळाडूने टाकायचा फासा) मागितलात का? नाही. समजा मागितला आणि ती हरली, तरी पाचव्या आवृत्तीत फ्रायटन्ड (घाबरलेलं) म्हणजे काय, तर भीतीचं कारण नजरेसमोर असेतो ॲबिलिटी चेक (एखादी गोष्ट जमते का ते ठरवणारा फासा) आणि हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं), आणि आपण होऊन त्याच्या जवळ जाता येत नाही. पळा, रडा असं त्यात काही नाही. धुक्यात खिळून उभं राहणं, उलट शिवी हासडणं, हे सगळं तिच्याकडे शिल्लक होतं. जग, हवामान, राक्षस तुमचे. तिचं रडणं तुमचं नाही.

धागाकर्ता : थ्रो मागितलाच नाही. दृश्य रंगलं होतं, ते मोडेल असं वाटलं. दृश्य माझंच रंगलं होतं म्हणा.

पेटीवाला : माका तुमचो ह्यो फाश्यांचो खेळ कळाक नाय. पण आमच्या दशावतारात आख्यान आधी ठरता, संवाद कोण लिहून देणा नाय, जो तो उभ्या उभ्या बोलता. राजाचा बोलणा राक्षसान बोलल्यान तर दुसऱ्या रात्री तेच्या वांगडा कोण उभो रवाचो नाय. छत्री घेवन तिच्या घराक जा. त्या ग्रुपार कायएक लिहू नको.

आमसूल : पेटीवाल्यांशी सहमत. आणि गेलात की "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" म्हणू नका. काय केलंत ते सांगा आणि तिला विचारा. टेबलावर जॉन स्टॅव्ह्रोपूलोसचं एक्स-कार्डही ठेवा. कागदावर फुली, कुणीही बोट लावलं की ते दृश्य तिथेच सोडायचं, कारण विचारायचं नाही.

धागाकर्ता : छत्री देऊन आलो. तिची आई दारात होती, चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे बोलायला अर्धा तास गेला. मी काय केलं ते सांगितलं. ती म्हणाली, "समुद्र काढलास तर मी येणारच नाही. मामाचा विषय मीच आणलेला, मला त्याच्याशी बोलायचं होतं. तू मला पळवलंस." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी आठवडाभर समुद्र काढायचा की ठेवायचा यातच अडकलो होतो. हाक असेल, पण मामा काय बोलतो ते ती आधी मला सांगणार आहे.

शनिवारी हाकेच्या आधीपासून पुन्हा सुरू करतोय. एक्स-कार्ड लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर केलंय. ट्रॉलरवाला त्याला हसला, पण पहिला प्रश्न त्याचाच होता : पालीच्या वर्णनाला लावलं तर चालेल का?

मोबाइलवाल्यासाठी वेगळा धागा काढतो.